काळी वायर

४ नोव्हेंबर

वहीची माफी मागून सुरुवात करतो. कारखाना बंद पडल्यापासून हिच्यात एक ओळही लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही घडत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे जे घडत होतं ते लिहावंसं वाटत नव्हतं. घरात बसलेल्या माणसाने रोज काय लिहायचं? आजही बसलो?

आज मात्र लिहितो, कारण नोकरी लागली. ट्रकच्या डेपोत, गाड्यांचं इलेक्ट्रिकलचं काम बघायचं. आजवर मी दाबमापकं आणि तापमापकं तपासून ‘बरोबर आहे’ असा शिक्का मारत आलो. ट्रकखाली कधी शिरलो नव्हतो. हे मी मालकीणबाईंना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, खाली शिरायला माणसं आहेत माझ्याकडे, डोकं चालवणारं कुणी नाही. ऐकून बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं का, हे एकदा तपासायला हवं.

राहायची खोली टायरच्या गोदामावर आहे. बाहेरून लोखंडी जिना. खिडकीतून सगळं आवार दिसतं: डिझेलचा पंप, धुण्याचा चौथरा, फाटक, आणि फाटकापलीकडे खाणीकडे चढत जाणारा पांढरा रस्ता. खोलीला रबराचा वास आहे, पण चार दिवसांत नाक सरावेल. खाटा दोन मावतील, तिसरी भिंतीला उभी करून ठेवावी लागेल. हिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, तिसरीवर तुमच्या शंका झोपवा, आम्ही दोघी एकीवर मावतो.

बारकीची परीक्षा झाली की दोघी इकडे येतील. बारकी म्हणजे आमची एकुलती एक लेक. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझ्यापेक्षा उंच झाली, तरी बारकीच. कारखाना गेल्यापासून मी मेव्हण्याकडे, ही माहेरी, बारकी हॉस्टेलवर, अशी आमची पांगापांग झालेली. तिघं एका छपराखाली यावीत, एवढंच मागणं आहे.

६ नोव्हेंबर

माणसं चांगली आहेत. ड्रायव्हरांत सगळ्यांत जुने ते मामा. ते नक्की कुणाचे मामा, हे कुणालाच ठाऊक नाही. माझ्या हातातला मीटर बघून त्यांनी मला लगेच ‘प्रोफेसर’ करून टाकलं. आता अख्खं आवार प्रोफेसर म्हणतं. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात, मीही म्हणू लागलो.

मुकादम हा एक नमुनाच. कोपऱ्यात एक दहा चाकी ट्रक उभा असतो, त्याच्या केबिनमध्ये त्यांचा संसार. चहा तिथे, जेवण तिथे, झोपही तिथेच म्हणतात. खिडकीतून डोकं काढून ओरडून कामं वाटतात. ट्रक खाणीवर निघाला की हेही शेजारच्या सीटवर बसून जातात. डाव्या हातात एका काळ्या वायरची क्लिप धरलेली असते. वायर डॅशबोर्डखालून येते. हे काय, असं मी विचारलं. गाडीचं अर्थिंग ढिलं आहे, कुणी हातात धरली की काट्यांचा नाच थांबतो, म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. मग माझं हसणं बघून थोडंसं हसले.

आणखी एक चमत्कारिक रीत. मुकादमांना कुणी हातात काही देत नाही. चहाचा ग्लास पायरीवर ठेवतात, कागद बोनेटवर. मामांना विचारलं, तर म्हणाले, मोठ्या माणसाचा मान असतो. मान असा खाली ठेवून देतात हे मला नवीन.

८ नोव्हेंबर

ताईंनी पहिलं काम तोच ट्रक दिला. लक्षणं नीट लिहून ठेवतो, म्हणजे विचार नीट होईल.

गाडी उभी असताना वेगाचा काटा ऐंशीवर जातो. तेलाचा दाब शून्य, क्षणात पूर्ण. तापमान लाल पट्ट्यात, पण हात लावून बघितलं तर रेडिएटर कोमट. आणि ही गाडी गिअर आपोआप बदलणारी, त्यामुळे काटे नाचले की गिअरही नाचतात. सपाट रस्त्यावर धाडकन खालचा गिअर पडतो, चढावर गिअर सुटतो आणि गाडी नुसती गुरगुरते. मामांच्या शब्दांत, गाडीला घटकेत ताप, घटकेत झोप.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एक असणार. काटे आणि गिअर दोघांनाही वीज एकाच वाटेने परत जाते, ती वाट खराब असेल तर दोघंही खोटं बोलतात. म्हणजे अर्थिंगच. चेसिसची पट्टी काढली, गंज खरवडला, नवी टाकली. बॅटरीची टोकं घासली. आल्टरनेटर तपासला. मीटरने बघितलं तर सगळं चोख.

इंजिन सुरू केलं. काटे नाचतच होते.

मुकादमांनी क्लिप मुठीत घट्ट धरली. काटे बसले.

हे शक्य नाही. माणसाच्या अंगातून इतकी वीज जाऊच शकत नाही, हे पॉलिटेक्निकची पोरंही सांगतील. माझी कुठेतरी चूक होते आहे. कदाचित ते धरताना वायर खेचतात आणि आतला ढिला सांधा जुळतो. उद्या डॅशबोर्ड उघडतो.

११ नोव्हेंबर

डॅशबोर्ड उघडला, सांधे सगळे घट्ट. काळी वायर मागे जाऊन वायरींच्या मुख्य जुडग्यात शिरते आणि त्यापुढे मला सापडत नाही. जुडगं उसवायचं तर गाडी आठवडाभर उभी राहील, आणि ताई नाही म्हणतात.

आज मुकादमांशी बराच वेळ बोललो. घरी कोण कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ऐकून त्यांनी बारकीची परीक्षा कधी संपते ते पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वायर जरा माझ्याकडे द्या, माझ्या हातात तसंच होतं का बघू. राहू द्या, म्हणाले. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटलं. पुन्हा, राहू द्या हो प्रोफेसर.

मग त्यांना घरून फोन आला. मुलीला मुलगा झाला. उजव्या हातातला फोन कानाशी ठरेना, डोळ्यांतून पाणी. डाव्या मुठीत क्लिप. मला राहवलं नाही. द्या इकडे, तुम्ही निवांत बोला, असं म्हणून मी हात पुढे केला आणि क्लिप घेतली. त्यांनी दिली नाही, मी घेतली. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे मला वेगळं आठवेल.

काटे तसूभरही हलले नाहीत.

मुकादम खाली उतरले. गुडघे लवकर सरळ होईनात. फाटकाशी जाऊन उभे राहिले, थंड पाण्यात टाकावा तसा एक पाय बाहेर टाकून बघितला, आणि मग गेले. पळाले नाहीत, पण जवळजवळ. आवारात काम करणारे सगळे थांबून बघत होते. मी खिडकीतून ओरडून म्हटलं, नातवाला बघून या सावकाश. कुणी हसलं नाही.

क्लिप स्टिअरिंगच्या दांड्याला अडकवून जेवायला गेलो. तासाभरात डोकं जड झालं. दगदग झाली असेल.

१२ नोव्हेंबर

मुकादम आले नाहीत. फोन लागत नाही.

सकाळी मामांनी माझा चहा केबिनच्या पायरीवर ठेवला. मी हात पुढे केला होता. त्यांनी तो न बघितल्यासारखं केलं.

१४ नोव्हेंबर

खाणीवर गेलो. मामा गाडी चालवायला, मी शेजारी, मुठीत क्लिप. माल भरून खाणीतला चढ चढताना वाटलं, हा खुळेपणा एकदाचा खोटा पाडावा. मामांना आधी सांगितलं. ते म्हणाले, प्रोफेसर, मला बायको आहे. मी म्हटलं, एकच क्षण. आणि क्लिप सोडली.

सगळे काटे एकदम खाली पडले. गिअर सुटला. भरलेली गाडी मागे सरकायला लागली, ब्रेकच्या हवेचा दाब गेला, मामा ब्रेकवर उभे राहिले तरी गाडी थांबेना. मागे खाणीची कड. मी क्लिप उचलली. गिअर पडला आणि गाडी थांबली.

मामांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कपाळ पुसलं आणि म्हणाले, आधीच्यानेही एकदा करून बघितलं होतं.

हे मी केलं. शंका खरी होती, पण जीव मामांचा होता. पुन्हा असं करणार नाही.

१५ नोव्हेंबर

एक निरीक्षण. क्लिप दांड्याला अडकवून फाटकाकडे गेलो. पंपापर्यंत ठीक. चौथऱ्यापाशी छातीत धडधड. फाटकाशी डोळ्यांपुढे अंधार, हात-पाय गार. नाडी बघितली. दोन-चार ठोके धावते, मग थांबते, मग पुन्हा धावते. काट्यांसारखी. मागे आलो, क्लिप हातात घेतली. नाडी स्थिर झाली.

दोन शक्यता. एक, भीतीमुळे होतं. दुसरी, लिहवत नाही.

पुन्हा जाऊन बघितलं, मनात पाढे म्हणत, म्हणजे भीतीला जागा राहू नये. फाटकाशी पोचलोच नाही. चौथऱ्यावरच बसकण मारली. गाड्या धुणारे पाण्याच्या नळ्या हातात घेऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. एकानेही हात दिला नाही. मग एक जण दुरूनच समजुतीने म्हणाला, दादा, गाडीकडे रांगत गेलात तरी चालतं.

१७ नोव्हेंबर

आता पंपापर्यंतही जाता येत नाही. खोली समोर दिसते, जिना दिसतो, खिडकीत वाळत घातलेला माझा सदरा दिसतो. झोपतो केबिनमध्ये. क्लिप दांड्याला लावून सीटवर पडलो तर ठोके चुकतात, म्हणून मुठीतच धरून झोपतो.

ताईंना बोलावलं. त्या आल्या, पण हात पाठीमागे बांधून लांब उभ्या राहिल्या. मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं, हे त्यांचं चांगलं. म्हणाल्या, वडिलांच्या वेळेपासून हे चालत आलंय. एकदा ही गाडी भंगारात काढली होती, तर बाकी सगळ्या गाड्यांचे काटे नाचायला लागले आणि एका दिवसात दोन ड्रायव्हर अपघातात गेले. परत आणावी लागली. एकाने वायर धरली की बाकीचे सुखरूप. पगार वेळेवर घरी पोचेल, जेवण चांगलं मिळेल.

मी म्हटलं, हे मला आधी सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर धरली असती का? आणि धरा असं तुम्हाला कुणी म्हणालंसुद्धा नाही.

तेही खरं.

१९ नोव्हेंबर

मुकादमांचा फोन आला. रडत होते. मागे बाळ रडत होतं. म्हणाले, मला ज्याच्याकडून आली त्याला मी रोज शिव्या द्यायचो, तुम्हीही द्या, मोकळं व्हाल. शिव्या मला येत नाहीत असं नाही. पण तोंडात आली नाही एकही.

सुटका कशी, ते विचारलं. म्हणाले, समोरच्याने आपण होऊन घेतली पाहिजे. बळजबरीने दिली तर त्याच्या हातात राहत नाही, पडते. तुम्ही आपण होऊन मागत होता, म्हणून मी दोनदा नको म्हटलं हो. तिसऱ्यांदा जीभच वळली नाही.

बाळाचं नाव काय ठेवलं, असं मी विचारलं. का विचारलं, कळत नाही. त्यांनी सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर

नवा वेल्डर आलाय. माझ्याच वयाचा, दिलखुलास. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. दुपारी केबिनशी येऊन उभा राहिला. तुमचा हात सुजलाय की, म्हणाला. द्या, मी धरतो, तुम्ही जेवून घ्या.

आवार थांबलं. सगळे बघत होते.

त्याने हात पुढे केला. मी माझा मागे घेतला.

उशिरा घेतला. त्याची बोटं वायरला लागता लागता राहिली. मधला तेवढा वेळ मी काय करत होतो? त्याला मुलं किती, असा विचार करत होतो. नसतील तर बरं, असा.

त्याला मी काहीतरी लागेल असं बोललो. तो गेला. मामांनी आज चहा पायरीवर न ठेवता सीटवर ठेवला. तेवढंच.

२३ नोव्हेंबर

ठोके आता इंजिनच्या तालावर. इंजिन बंद केलं की मी बुडतो. म्हणून दिवसभर चालू. टाकी मामा भरतात.

क्लिप गरम असते. अंगाएवढी.

हिला फोन केला. इतक्यात येऊ नका म्हटलं. काय झालंय, म्हणाली. काही नाही म्हटलं. तुम्ही काही नाही म्हणता तेव्हा बरंच काही असतं, म्हणाली, आणि फोन हॉस्टेलवरून आलेल्या बारकीकडे दिला.

बारकीला मी खोटं सांगू शकत नाही. कधीच नाही. सांगितलं थोडं. जास्त सांगितलं.

ती घाबरली नाही. बाबा, तुमचं निदान चुकलंय, म्हणाली. सुधारत नाही म्हणजे अजून बघितलेलं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? शेवटचा पेपर झाला, सव्वीसच्या गाडीने मी मीटर घेऊन येते. तुम्ही नुसती ती वायर माझ्या हातात द्या, मग बघते मी.

माझंच वाक्य. माझाच आवाज.

नको म्हटलं. ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, ओरडताय म्हणजे मी नक्की येते.

२४ नोव्हेंबर

ताईंना म्हटलं, फाटकात अडवा तिला. बघते, म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. मी जुना झालोय, सुजलोय, किती टिकेन, हिशोब त्यांनाही करावा लागत असेल. त्यांच्या जागी मी असतो तर —

मामांना म्हटलं. मामा म्हणाले, अडवतो, प्रोफेसर, आडवा पडेन. पण त्यांना रोज दुपारी खाणीवर दुसरी गाडी न्यायची असते.

तिला कसं थांबवणार? खरं सांगितलं तर तपासायला येईल. खोटं सांगितलं तर खरं शोधायला. आणि माझा हात असा बघितला की —

माझ्या मनात एकदा आलं. लिहितो. लपवणार नाही. ती धरेल, मी खाली उतरेन, जिना चढेन, त्या खाटेवर — ती हुशार आहे, कदाचित तिला खरंच सापडेल —

आलं मनात. गेलं. पुन्हा येईल. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवता येणार नाही. हे सगळ्यांत महत्त्वाचं. तिच्यावर नाही, माझ्यावर.

२५ नोव्हेंबर

उजव्या हाताने लिहितो. डावा आता उघडत नाही नीट, पण उघडतो. उघडतो हाच घोळ आहे.

मूठ बांधून टाकायची. क्लिपसकट. काळ्या टेपने, थर देऊन, मनगटापर्यंत. मग तिला घेताच येणार नाही. मलाही देता —

टेप खोलीत. जिना समोर. मामांना सांगितलं, ते सकाळी आणून पायरीवर ठेवतील. आज खाणीवर आहेत.

हिचा फोन. बारकी उद्याच्या नाही, आजच्याच गाडीने निघाली. मीटर घेतलाय. कधी पोचेल ते हिला नक्की माहीत नाही. ऊन अजून आहे. फाटक उघडंच आहे, गाड्या यायच्या आहेत —

काटे स्थिर. सगळे. इतके स्थिर कधी नव्हते.

उद्या : सकाळी टेप आली की पहिलं काम, मूठ पक्की बांधणे, बारकी यायच्या आत —